वाचनालयात मंगा विभाग: मालिका कोणत्या, आवृत्त्या कोणत्या, फलकांवर काय लिहायचं?

महालचे_ग्रंथपाल

नमस्कार मंडळी. नागपुरात महालात आमचं छोटं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे मंगाचा (जपानी चित्रकथांचा) वेगळा विभाग सुरू करायला कार्यकारिणीने ४०,००० रुपये मंजूर केले आहेत. वाचक आठवीपासून कॉलेजपर्यंतचे. लोखंडी कपाट एक, फळ्या चार. उन्हाळ्याच्या सुट्टीत विभाग उघडेल तेव्हा भिंतीवर पाच फलकही लावायचे आहेत: या मालिका जपानात छापल्या कशा गेल्या, आणि तिथल्या नि बाहेरच्या लोकांवर त्यांचा काय परिणाम झाला.

अडचण अशी की माहिती काढायला बसलं की आकडे जुळत नाहीत. 'ड्रॅगन बॉल' कुठे ४२ खंडांचं, कुठे १६ चं. 'डोरेमॉन' एके ठिकाणी १९६९ चं, दुसरीकडे १९७० चं. 'वन पीस'च्या खपाचे आकडे तर जिथे बघावं तिथे वेगळे. शिवाय एक मालिका १२ खंडांत आटोपते आणि दुसरी शंभरी ओलांडूनही चालूच आहे, याचं कारण मुलांना सांगता आलं पाहिजे. खरेदीची यादी, आवृत्ती निवडताना घ्यायची काळजी आणि पुस्तकं टिकवायची कशी, यावरही जाणकारांनी लिहावं. पुस्तकं इंग्रजीतलीच घ्यावी लागतील, हे धरून चाललो आहे.

क्रमशः

ग्रंथपाल, पाचही फलकांतून एक गोष्ट मुलांच्या मनात पक्की बसली पाहिजे: मंगा आधी साप्ताहिकात किंवा मासिकात छापला जातो, पुस्तक मागून येतं. मालिका किती लांब, किती वेगवान, कुठे संपली याचं उत्तर त्या नियतकालिकात सापडतं. मराठी मासिकांत कादंबऱ्या 'क्रमशः' छापून यायच्या, तोच हा प्रकार. फरक इतकाच की जपानात पुढचा भाग येणार की नाही, यात वाचकांच्या कौलाला मोठं वजन असतं.

पहिला फलक नियतकालिकांचा ठेवा. कोदान्शा या प्रकाशनसंस्थेचं 'शोनेन मॅगझिन' आणि शोगाकुकान या दुसऱ्या संस्थेचं 'शोनेन संडे' ही दोन्ही साप्ताहिकं १७ मार्च १९५९ ला, एकाच दिवशी बाजारात आली. शुएइशाचं 'शोनेन जंप' जुलै १९६८ मध्ये पाक्षिक म्हणून निघालं आणि पुढच्या वर्षी साप्ताहिक झालं. तोवर नावाजलेले चित्रकार त्या दोघांकडे गुंतलेले होते, म्हणून जंपने नवख्यांना हाताशी धरलं आणि वाचकांचं मत हाच निकष ठेवला. अंकात एक पोस्टकार्ड असायचं, त्यावर आवडलेल्या तीन मालिका कळवायच्या. सतत तळाला राहणारी मालिका दहा-वीस आठवड्यांत बंद होते, म्हणजे जेमतेम दोन-तीन खंड. जंपमधल्या गोष्टी पहिल्या दहा प्रकरणांतच इतकी धावपळ करतात त्याचं कारण हे. लोकप्रिय झालेली मालिका संपता संपत नाही, त्याच्याही मागे हेच आहे.

दुसऱ्या फलकासाठी एक नामी जोडी सुचवतो: 'डेथ नोट' आणि 'फुलमेटल अल्केमिस्ट'. दोन्हींची प्रकरणं बरोब्बर १०८. तरी 'डेथ नोट'चे खंड १२ आणि 'फुलमेटल'चे २७! 'डेथ नोट' (कथा त्सुगुमी ओबा, चित्रं ताकेशी ओबाता) डिसेंबर २००३ ते मे २००६ या काळात साप्ताहिक जंपमध्ये आलं. साप्ताहिकातलं प्रकरण साधारण १९ पानांचं असतं, त्यामुळे एका खंडात नऊ-दहा प्रकरणं मावतात. हिरोमू आराकावा यांचं 'फुलमेटल' स्क्वेअर एनिक्सच्या 'शोनेन गानगान' या मासिकात २००१ ते २०१० चाललं. मासिकातलं प्रकरण चाळीस पानांच्या पुढे जातं, म्हणून चार प्रकरणांतच खंड भरतो. 'अटॅक ऑन टायटन'चंही तसंच: मासिक, २००९ ते २०२१, १३९ प्रकरणं, ३४ खंड. फलकावर पानाएवढे छोटे चौकोन काढून एका ओळीत १९ आणि खालच्या ओळीत ४० दाखवा, मुलांना लगेच कळेल. मग चित्रंही शेजारी ठेवा. ओबातांच्या चौकटींत संवाद दाटीवाटीने बसवलेले दिसतात, आराकावांना मात्र एखाद्या मारामारीसाठी सलग पाच-सहा पानं देता येतात. साप्ताहिकात १९ पैकी सहा पानं नुसत्या मारामारीला दिली तर त्या आठवड्यात गोष्ट जागची हलत नाही.

आता तारखा. जपानी अंकावर छापलेली तारीख विक्रीच्या तारखेच्या पुढची असते. 'डोरेमॉन' शोगाकुकानच्या मुलांच्या सहा मासिकांच्या जानेवारी १९७० च्या अंकांत सुरू झालं, आणि ते अंक डिसेंबर १९६९ मध्ये विकायला आले. दोन्ही साल बरोबर! तुम्ही फलकावर सगळीकडे एकच पद्धत ठेवा, मी 'विक्रीस आला' हे साल वापरेन. जंपचा विक्रमी खप ६५.३ लाख प्रती, तिथेही हाच घोळ होतो: अंकावर १९९५ चा ३-४ हा जोडअंक, स्टॉलवर डिसेंबर १९९४. त्यानंतरची घसरण नीट सांगण्यासारखी आहे. १९९५ मध्ये 'ड्रॅगन बॉल' संपलं, १९९६ मध्ये ताकेहिको इनोउए यांचं 'स्लॅम डंक' संपलं, आणि १९९७ मध्ये 'शोनेन मॅगझिन' जंपच्या पुढे गेलं. त्याच १९९७ च्या जुलैत एइइचिरो ओदांचं 'वन पीस' जंपमध्ये सुरू झालं. आज छापील जंपचा खप त्या शिखराच्या पाचव्या हिश्श्याहूनही खाली आहे. बरेच वाचक आता मोबाइलवर वाचतात.

'वन पीस'च्या आकड्यांचा घोळ दोन कारणांनी होतो. एक, 'छापलेल्या प्रती' आणि 'विकलेल्या प्रती' ही वेगवेगळी मोजमापं आहेत. प्रकाशक सांगतात तो आकडा सहसा छापलेल्या प्रतींचा असतो आणि अलीकडे त्यात डिजिटल प्रतीही धरतात. ओरिकॉन या खप मोजणाऱ्या जपानी कंपनीच्या याद्या प्रत्यक्ष विक्रीच्या असतात. दोन, तारीख न देता आकडा उचलला जातो. गिनीजने २०१५ मध्ये नोंदवलेला आकडा ३२,०८,६६,००० प्रती, तोही डिसेंबर २०१४ पर्यंतचा. ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाला तो ५० कोटींचा. २०१२ मध्ये ६७ व्या खंडाची पहिली छपाईच ४०.५ लाखांची होती. फलकावर प्रत्येक आकड्यापुढे साल आणि 'छापलेल्या' की 'विकलेल्या' हा शब्द लिहिलाच पाहिजे. एवढं केलंत तर कुणी बोट ठेवू शकणार नाही.

यादी. खंडाला सरासरी ५०० रुपये धरा. माझं मत: आधी संपलेल्या मालिका घ्या, त्याही पूर्ण. 'डेमन स्लेयर' २३, 'फुलमेटल' २७, 'डेथ नोट' १२ आणि ओसामू तेझुकांचं 'बुद्ध' इंग्रजीत ८. एकूण ७० खंड, ३५,००० रुपये. उरलेल्या पाच हजारांत प्रत्येक मालिकेच्या पहिल्या खंडाची दुसरी प्रत घ्या. पहिला खंड सगळ्यांत जास्त फिरतो आणि सगळ्यांत आधी हरवतो, आणि तो नसेल तर मागचे सगळे खंड कपाटात पडून राहतात. 'वन पीस'चे दहा खंड घेऊन ठेवू नका. वाचकाला अकरावा हवा असतो.

टोनशीट

क्रमशः यांच्या यादीला माझा पाठिंबा. आवृत्त्यांचं मी सांगतो.

'ड्रॅगन बॉल' जपानीत एकच सलग मालिका आहे: १९८४ ते १९९५, ५१९ प्रकरणं, ४२ खंड. अमेरिकेत विझ या प्रकाशकाने ती दोन नावांनी काढली. पहिले १६ खंड 'ड्रॅगन बॉल', आणि १७ ते ४२ 'ड्रॅगन बॉल झी' या नावाने पुन्हा १ पासून २६ पर्यंत. म्हणजे 'झी'चा पहिला खंड हा मुळातला सतरावा. दोन्ही घेतले की ४२ होतात. तीन-खंड-एकत्र आवृत्तीत मात्र सगळं एकाच नावाखाली १४ जाड पुस्तकांत आहे. ऑर्डर देताना या दोन पद्धतींची सरमिसळ झाली तर तोच मजकूर दोनदा येईल आणि मधला भाग गायब. आणखी एक, सुरुवातीच्या खंडांत अंगप्रदर्शनाचे विनोद आहेत. २००९ मध्ये अमेरिकेत मेरीलँडमधल्या एका काउंटीच्या शाळांनी याच कारणाने ही मालिका ग्रंथालयांतून काढली होती. आठवीच्या मुलांसाठी घेण्याआधी स्वतः चाळा.

वयाची खूण मागच्या वेष्टनावर असते. विझच्या पुस्तकांवर 'टी' म्हणजे तेरा-चौदाच्या पुढचे, 'टी प्लस' म्हणजे मोठी मुलं, 'एम' म्हणजे प्रौढ. 'डेथ नोट' टी प्लस आहे, ते वरच्या फळीवर ठेवा.

वाचायची दिशा उजवीकडून डावीकडे. कपाटावरच एक चौकट काढून चिकटवा: सुरुवात उजव्या वरच्या कोपऱ्यातून, शेवट डाव्या खालच्या कोपऱ्यात. पूर्वी अमेरिकेत पानं आरशासारखी उलटवून छापायचे. त्यात तलवारी डाव्या हातात जायच्या. त्याहून वाईट म्हणजे किमोनोची उजवी बाजू डावीवर यायची, आणि जपानात तसा किमोनो फक्त मृताला नेसवतात. २००२ च्या सुमारास टोकियोपॉप या प्रकाशकाने मूळ दिशेत छापायचा धडाका लावला, बाकीचेही त्याच वाटेने गेले. जुन्या पुस्तकांच्या दुकानात बर्डीला वगैरे एखादा खंड स्वस्तात मिळालाच, तर तो उलटवलेला आहे का ते आधी बघा. एकाच मालिकेत दोन दिशा आल्या तर नवा वाचक पार गोंधळतो.

तुमच्या ग्रंथालयीन कामातला एक बारकावा. परतीच्या तारखांची चिठ्ठी आपण सवयीने पुस्तकाच्या शेवटी, मागच्या वेष्टनाच्या आत लावतो. मंगात तीच सुरुवातीची बाजू! तिथे चिठ्ठी चिकटवली की पहिलंच चित्र झाकलं जातं, आणि रंगीत पान असेल तर डिंकाने खराब होतं. चिठ्ठी लावायच्या आधी दोन्ही टोकं उघडून बघा. 'चुकीच्या बाजूने वाचताय' अशी सूचना छापलेलं पान बहुतेक इंग्रजी खंडांत असतं, तीच जागा चिठ्ठीला योग्य.

ओस्कारची_तलवार

दोघांनीही चांगलं लिहिलंय, पण यादीत शोजो (मुलींसाठीचा मंगा) एकही नाही, हे मला अजिबात पटत नाही. वाचनालयात मुलीही येतात, आणि मंगाचा इतिहास जंपपुरता सांगितला तर तो अर्धाच राहतो. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात 'रिबोन' हे मुलींचं एकटं मासिक २५ लाखांवर खपत होतं.

तिसरा फलक शोजोचा करा. रियोको इकेदा यांचं 'व्हर्सायचा गुलाब' १९७२-७३ मध्ये 'मार्गारेट' साप्ताहिकात आलं. फ्रेंच राज्यक्रांतीची पार्श्वभूमी, मारी आंत्वानेत ही राणी आणि पुरुषी वेशात वाढवलेली ओस्कार ही सेनाधिकारी. १९७४ मध्ये ताकाराझुका या स्त्रियांच्या नाट्यसंस्थेने ते रंगभूमीवर आणलं आणि ते त्यांचं सर्वांत गाजलेलं नाटक ठरलं. त्यानंतर नाओको ताकेउची यांचं 'सेलर मून'. 'नाकायोशी' मासिकात डिसेंबर १९९१ मध्ये विक्रीस आलेल्या अंकापासून ते सुरू झालं आणि त्यावरचं ॲनिमेशन मार्च १९९२ मध्ये आलं, म्हणजे जेमतेम दोन-तीन महिन्यांत! मालिका आणि ॲनिमेशन इतकी लागोपाठ यावीत, अशी आखणी आधीपासून होती. मूळ पुस्तकं १८, नंतरच्या सुधारित आवृत्तीत १२. इंग्रजीत कोदान्शाची १२ खंडांची आवृत्ती घ्या, म्हणजे ६,००० रुपये.

पैसे कुठून? 'फुलमेटल' तीन-खंड-एकत्र आवृत्तीत ९ पुस्तकांत मिळतं. एकेक ९०० च्या आसपास धरलं तरी १३,५०० ऐवजी ८,१०० लागतील. वाचलेल्या पैशांत 'सेलर मून' जवळजवळ बसतं, वरचे सहाशे त्या शिल्लक पाच हजारांतून घ्या.

आणि हो, 'फुलमेटल' लिहिणाऱ्या आराकावा बाई आहेत. 'इनुयाशा' आणि 'रान्मा' काढणाऱ्या रुमिको ताकाहाशीही. दोघींचीही गाजलेली मालिका मुलग्यांच्या नियतकालिकांत आली. शोनेन (मुलग्यांसाठी), शोजो, सेइनेन (तरुण पुरुषांसाठी) ही वर्गवारी नियतकालिक कुणासाठी निघतं त्यावरून पडते, लिहिणारा कोण यावरून नाही. फळ्या लावताना क्योतोच्या आंतरराष्ट्रीय मंगा संग्रहालयाची पद्धत बघा. जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत २००६ मध्ये ते उघडलं. तिथे पहिल्या मजल्यावर शोनेन, दुसऱ्यावर शोजो, तिसऱ्यावर सेइनेन अशी मांडणी आहे. तुमच्याकडे मजल्यांऐवजी फळ्या.

बर्डी_बाइंडर

ताई, तीन-एकत्रवाली वाचनालयासाठी नका सुचवू. पाचशे-सहाशे पानांचं पुस्तक आणि पाठीला नुसता डिंक राहते. घरी एक माणूस वाचते तोवर ठीक. वाचनालयात वीस-पंचवीस हात फिरले की मधोमध पाठ फुटते आणि सोळा-सोळा पानांचे गठ्ठे सुटून जातात. शिवाय जाड पुस्तक पूर्ण उघडत नाही, म्हणून दोन पानांवर मिळून काढलेल्या चित्राचा मधला भाग घळीत जाते. सुटे २७ घ्या, पण दोन वर्षांत. यंदा १ ते १५, पुढच्या अनुदानात १६ ते २७. बारा खंडांचे सहा हजार वाचले, त्यात तुमचं 'सेलर मून' बसलं.

आता मुख्य. फाटलेला खंड आपल्याकडच्या नेहमीच्या पद्धतीने बाइंडिंगला देऊ नका. आपल्याकडे बाजूने सुई मारून टाके घालतात आणि मग तीन बाजूंनी कटिंग मशीनवर छाटतात. टाक्यांत आतला जवळपास एक सेंटिमीटर जाते. कादंबरीत तिथे कोरा समास राहते, चालून जाते. मंगात चित्र पानाच्या काठापर्यंत छापलेलं असते, त्यामुळे आतून टाक्यात आणि बाहेरून कटिंगमध्ये, दोन्हीकडून चित्र आणि संवाद कापले जातात. मग काय करायचं? सुटलेली पानं क्रमाने जुळवा, पाठ ठोकून सारखी करा, दोन फळ्यांत दाबून पाठीवर पांढरा गोंद (फेविकॉल चालते) पातळ हाताने दोनदा लावा. पहिला थर वाळल्यावर वरून मलमलची पट्टी, मग दुसरा थर. रात्रभर दाबून ठेवा. छाटायचं नाही, शिवायचं नाही. एकदोनच पानं सुटली असतील तर काठाला दोन मिलिमीटर गोंद लावून आत सरकवा, सेलोटेप अजिबात नको. नागपूरच्या उन्हाळ्यात टेपचा चिकटा वितळून पिवळा डाग पडते आणि शेजारचं पान चिकटते.

कपाट कूलरसमोर ठेवू नका भाऊ! एप्रिल ते जून आपल्याकडे सगळीकडे कूलर, आणि त्याची ओली हवा थेट कपाटात गेली की पानं लाटेसारखी होऊन जातात, आतून बुरशीचा वास येते. कूलरच्या झोतापासून बाजूला, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर. लोखंडी कपाट तापलं की पाठीचा डिंक मऊ पडते आणि खंड दाटीने कोंबले असतील तर एकमेकांना चिकटून पाठी वाकतात. फळीवर दोन बोटं जागा मोकळी ठेवा. उन्हात पाठीवरचा लाल रंग सगळ्यांत आधी उडते. कसर लागू नये म्हणून पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीआधी एकदा सगळं बाहेर काढून झटका. डांबरगोळ्या पुस्तकाला टेकून नाही, कापडाच्या पुरचुंडीत फळीच्या कोपऱ्यात.

प्लॅस्टिकचं कव्हर घालताना पाठीवरचा खंडाचा आकडा उघडा दिसला पाहिजे. तुमचा दाखल-क्रमांकाचा कागद त्यावर चिकटला की मुलं कपाटासमोर उभी राहून एकेक खंड ओढून बघतात, आणि वरच्या टोकाला धरून ओढल्यानेच पाठ फाटते.

महालचे_ग्रंथपाल

मनापासून आभार. कूलरची बाब लक्षात आली नव्हती, आमचं कपाट नेमकं खिडकीतल्या कूलरच्या रेषेत येतं, ते हलवतो. 'फुलमेटल' दोन वर्षांत आणि यंदा 'सेलर मून', हे कार्यकारिणीला पटेल.

दोन प्रश्न उरले. 'बुद्ध' घ्यायचंच आहे, पण दीक्षाभूमीच्या गावात ते ठेवताना वाचकांना आधी काय सांगून ठेवावं? आणि समाजावरच्या परिणामाच्या फलकांवर खेळणी-टोप्या सोडून ठोस काय लिहावं?

क्रमशः

'बुद्ध'बद्दल आधी. तेझुकांनी ते १९७२ ते १९८३ या काळात लिहिलं. जपानीत १४ खंड, इंग्रजीत ८. याच्या इंग्रजी आवृत्तीला २००४ आणि २००५ अशी लागोपाठ दोन वर्षं आयसनर हे अमेरिकेतले चित्रकथांचे पुरस्कार मिळाले. पुस्तकासोबत एक छोटी टीप ठेवा: हे धर्मग्रंथावर बेतलेलं चरित्र म्हणून वाचू नये. ताट्टा, छाप्रा, मिगैला ही पात्रं तेझुकांची स्वतःची. छाप्रा हा शूद्र मुलगा जात लपवून वर चढू पाहतो, त्याच्या गोष्टीनेच पहिला खंड भरला आहे आणि सिद्धार्थाचा जन्म मागून येतो. नागपुरात बुद्धचरित्र माहीत असलेले वाचक घरोघर आहेत, त्यांना हे आधी कळलं तर तेझुकांनी जातीच्या प्रश्नापासून सुरुवात का केली, याकडे त्यांचं लक्ष आपोआप जाईल. चित्रांत उघडी शरीरं आहेत, ताट्टा तर पहिल्या खंडभर नागडाच फिरतो. हेही पालकांना सांगून ठेवा.

परिणामांच्या फलकांवर लोकांनी प्रत्यक्ष काय केलं ते लिहा, विशेषणं नकोत. 'आशिता नो जो' (म्हणजे 'उद्याचा जो') ही मुष्टियोद्ध्याची मालिका १९६८ ते १९७३ 'शोनेन मॅगझिन'मध्ये आली. तिच्यातला जोचा प्रतिस्पर्धी रिकिइशी गोष्टीत मेला, तेव्हा २४ मार्च १९७० ला कोदान्शाच्या इमारतीत त्याचा अंत्यविधी झाला. बौद्ध भिक्षू, धूप, आणि सुमारे ७०० माणसं. कवी-नाटककार शूजी तेरायामा यांनी तो घडवून आणला. आठवड्याभरातच जपानी विमान पळवणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या जाहीरनाम्यात 'आम्ही उद्याचे जो आहोत' असं लिहिलं.

'कॅप्टन त्सुबासा' (योइची ताकाहाशी, १९८१ ते १९८८, ३७ खंड) सुरू झालं तेव्हा जपानात व्यावसायिक फुटबॉल लीगच नव्हती, जे-लीग १९९३ मध्ये सुरू झाली. स्पेनचा फर्नांडो टोरेस या मालिकेमुळे फुटबॉलकडे वळल्याचं जाहीरपणे सांगतो. २००४ मध्ये इराकमध्ये समावाला पाणी वाटणाऱ्या टँकरवर जपानने त्सुबासाचे स्टिकर लावले, कारण अरबी वाहिन्यांमुळे तिथली मुलं त्याला 'कॅप्टन माजिद' म्हणून ओळखत होती.

'स्लॅम डंक'वर एक चौकट हवीच. मालिकेच्या १० कोटी प्रती झाल्यावर इनोउए यांनी २००४ मध्ये वर्तमानपत्रांत वाचकांचे आभार मानणाऱ्या जाहिराती दिल्या. मग एका बंद पडलेल्या शाळेच्या फळ्यांवर खडूने मालिकेनंतरच्या दहा दिवसांची गोष्ट काढली. बास्केटबॉलसाठीची त्यांची शिष्यवृत्ती २००६ पासून आहे. 'वन पीस'च्या ओदांनी २०१६ च्या भूकंपानंतर आपल्या कुमामोतो प्रांताला ८० कोटी येन दिले. तिथे नुकसान झालेल्या गावांत मालिकेतल्या दहा खलाशांचे पुतळे उभे राहिले, म्हणजे बघायला येणारा पर्यटक सगळीकडे फिरेल. आणि कैजी नाकाझावांचं 'बेअरफूट गेन' विसरू नका. हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेल्या माणसाने लिहिलेली ही गोष्ट १९७३ मध्ये सुरू झाली ती जंपमध्येच. इंग्रजीत १० खंड. पुढच्या अनुदानात पहिला मान तिला द्या.

आपल्याकडची नोंद: 'क्योजिन नो होशी' या १९६६ च्या बेसबॉल मालिकेचं भारतीय रूप 'सूरज: द रायझिंग स्टार' डिसेंबर २०१२ मध्ये कलर्स वाहिनीवर आलं. बेसबॉलच्या जागी क्रिकेट आणि नायक मुंबईचा मुलगा. 'डोरेमॉन' तर मुलांनी २००५ पासून हिंदीत ऐकलेलंच आहे.

ओस्कारची_तलवार

'डेमन स्लेयर'ची एक ओळ घाला. कोयोहारू गोतोगे यांनी मालिका फेब्रुवारी २०१६ ला सुरू केली आणि मे २०२० मध्ये २०५ व्या प्रकरणावर संपवली, ऐन भरात असताना. २०१९ च्या ॲनिमेशनने पुस्तकं उचलली. ओरिकॉनच्या २०२० च्या वार्षिक यादीत पहिले २२ क्रमांक याच एका मालिकेच्या २२ खंडांचे होते. ही विक्रीची यादी आहे, छपाईची नव्हे, म्हणून फलकावर बेधडक लिहा. लोकप्रिय मालिका संपत नाही या क्रमशः यांच्या मुद्द्याला हा ठळक अपवादही आहे.

टोनशीट

चालू मालिका विकत घेऊ नका म्हटलं, तरी मुलं विचारणारच. शुएइशाचं 'मंगा प्लस' जानेवारी २०१९ पासून आहे. त्यावर बहुतेक मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं फुकट वाचता येतात. जंपचा अंक जपानात रविवार संपून सोमवार लागतो त्या रात्री बाराच्या ठोक्याला निघतो. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे नागपुरात रविवारी रात्री ८:३०. हे कपाटावर लिहून ठेवा, चोरीच्या साइटवर जायची गरज उरत नाही.

शेवटचं, बनावट प्रतींबद्दल. छापील किमतीच्या निम्म्याहून कमीत पूर्ण संच कुणी देत असेल तर थांबा. वाचनालयाच्या पैशांनी चोरीची छपाई घेतली तर लेखापरीक्षणातही अडचण होते. ओळखायची जागा म्हणजे करडा भाग. खऱ्या प्रतीत राखाडी छटा ही बारीक काळ्या ठिपक्यांची असते, भिंगातून ठिपके सुटे दिसतात. स्कॅन करून छापलेल्या प्रतीत ठिपके मिसळून चट्टे किंवा लाटांसारखे पट्टे दिसतात, आणि केसांच्या बारीक रेषा काळ्या गोळ्यासारख्या होतात. काठाजवळचे संवाद अर्धवट कापलेले असतात. एकाच संचातले खंड टेबलावर उभे केले की उंची एक-दोन मिलिमीटरने कमीजास्त भरते. पाठीवरचा बोधचिन्हाचा रंग खंडागणिक बदलतो. पार्सल आलं की पावतीवर सही करण्याआधी प्रत्येक मालिकेचे कोणतेही तीन खंड या पद्धतीने तपासा, आणि उरलेल्यांची निदान पानं सलग आहेत का ते चाळून घ्या. सोळा पानांचा एक गठ्ठा दोनदा आणि पुढचा गायब, असा छपाईचा दोष खऱ्या प्रतींतही निघतो. लगेच कळवलं तर पुस्तक बदलून मिळतं, दाखल-क्रमांकाचा शिक्का बसल्यावर कुणी परत घेत नाही.